आयटी सोडून मास्तर व्हावं म्हणतोय. घरात मास्तरच नको म्हणतात. (नागपूर)

मिहानवासी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. लांबलाय, सांभाळून घ्या.

वय ३३. बी.ई. इलेक्ट्रॉनिक्स. दहा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये, त्यातली शेवटची चार मिहानमधल्या (विमानतळाजवळच्या औद्योगिक पट्ट्यातल्या) एका कंपनीत. छळ, राजकारण वगैरे काही नाही, साहेबही भला माणूस आहे. तेव्हा "नोकरीला कंटाळलाय" असं कृपया म्हणू नका. बायको बँकेत. मुलगी पहिलीत. फ्लॅटचा हप्ता २९ हजार, अजून अकरा वर्षं.

गेल्या पावसाळ्यापासून घराजवळच्या बुद्धविहारात संध्याकाळच्या अभ्यासवर्गाला गणित शिकवायला जातो. सोमवार, बुधवार, शुक्रवार, साडेसहा ते आठ. ऑफिसातला मित्र तो वर्ग घ्यायचा, त्याचं लग्न ठरलं, "पंधरा दिवस सांभाळ" म्हणाला. त्याचे पंधरा दिवस अजून संपायचेत. पाचवी ते आठवीची एकवीस-बावीस मुलं आहेत.

आता मुद्दा. मागच्या महिन्यात अपूर्णांक घ्यायचे होते. म्हटलं, नागपुरात राहून भाकरीचे तुकडे कशाला, संत्री नेऊ. बर्डीवरून दोन डझन घेतली. बेत असा की एका संत्र्यात दहा फोडी, एक फोड म्हणजे एक दशांश, पाच फोडी म्हणजे अर्धं. घरी दोन सोलून खात्री करून घेतली होती, दोन्हीत दहाच निघाल्या. (इंजिनिअर माणूस. दोन नगांवर निष्कर्ष.) वर्गात सोलली तर कुणाच्या नऊ, कुणाच्या अकरा, एकाच्या बारा आणि वर एक चिमुकली तेरावी, ती धरायची की नाही यावर भांडण. मी खडू हातात घेऊन गप्प उभा.

सातवीतली एक मुलगी आहे, एरवी हजेरीपुरतंच तोंड उघडते. ती आपल्या नऊ फोडी तळहातावर मांडून म्हणाली, "सर, म्हणजे माझी एक फोड त्याच्या एका फोडीपेक्षा मोठा हिस्सा झाला ना?" बारा फोडीवाला लगेच उसळला, "पण तुझं संत्रंच बारकं आहे! फोड माझीच मोठी." ती म्हणाली, "फोड तुझी मोठी असेल, हिस्सा माझा मोठा." पुढची चाळीस मिनिटं मी जवळजवळ काहीच बोललो नाही. हिस्सा मोठा म्हणजे काय आणि फोड मोठी म्हणजे काय, हे त्यांनी आपापसात भांडून ठरवलं. शेवटी संत्री खाल्ली, सालं उचलली, घरी गेली.

त्या रात्री बायकोला हे तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "ऑफिसातलं असं काही तू शेवटचं कधी सांगितलंस?" आठवेना.

म्हणून बी.एड. करून पूर्णवेळ शाळेत जायचं डोक्यात आहे. बायको हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. बाबांचा मात्र साफ विरोध. आणि बाबा स्वतः ३४ वर्षं जिल्हा परिषदेत शिक्षक होते, त्यातली शेवटची अकरा मुख्याध्यापक. संत्र्याचा किस्सा त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि एकच विचारलं, "रोज दोन डझन घेऊन जाशील का?" त्यानंतर विषय बंद.

विचारायचं ते हे: बी.एड.नंतर पुढचा रस्ता प्रत्यक्षात कसा आहे? किती वर्षं जातील? आणि मी जे शोधतोय ते शाळेत खरंच असतं का, की ते फक्त संध्याकाळी साडेसहा ते आठच असतं?

तर्रीपोहे

भाऊ, संत्र्याचा किस्सा एक नंबर. पण एक सांगतो, राग मानू नको. माह्या चुलतभावानं २०१७ मध्ये शिक्षकभरतीची अभियोग्यता चाचणी देल्ली. त्याच्यानंतरची चाचणी थेट २०२३ मध्ये झाली. मधातल्या काळात त्याचं लग्न झालं, दोन पोट्टे झाले आन् पानठेला टाकून झाला. आता खर्रा घोटून देते आन् गिऱ्हाईक त्याले "सर" म्हणते. तुह्या हप्त्याले विचारून घे पयले.

मुळाकाठ

धाडसाचं कौतुक! नेटवर फिरतं तसं एक चित्र काढा. चार वर्तुळं: तुम्हाला काय आवडतं, काय जमतं, जगाला कशाची गरज आहे आणि पैसे कशाचे मिळतात. जिथे चारही एकमेकांना छेदतात तिथे तुमचं प्रयोजन.

तर्रीपोहे

पुण्यात चौथं वर्तुळ मोठं राहते. इकडं थे काढाले कंपासच नाही भेटत.

पवित्रग्रस्त

नावावरून कळलंच असेल, पवित्र पोर्टलचा (सरकारी शिक्षकभरतीचं संकेतस्थळ) जुना भाविक. रस्ता विचारलात म्हणून सांगतो. भावनेचं बाकीचे बघतील.

बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचं आहे. प्रवेशाला राज्याची सीईटी. तुम्ही बी.ई. आहात, तर पदवीला ५५ टक्के होते का ते आधी गुणपत्रिकेत बघा. कला-विज्ञानवाल्यांना ५० चालतात, अभियांत्रिकीची अट वेगळी आहे. दोन वर्षांत मिळून वीस आठवडे शाळेत काढावे लागतात, त्यातले सोळा दुसऱ्या वर्षी. म्हणजे नोकरी सांभाळून बी.एड. हा विचार सोडा. "हजेरी ॲडजस्ट होते" सांगणारी कॉलेजं भेटतील. तिथे गेलात तर पदवी मिळेल, शिकवायला मात्र विहारातच शिकावं लागेल.

पहिली ते पाचवीचा विचार असेल तर तो रस्ता बी.एड.वाल्यांना बंद आहे. सर्वोच्च न्यायालयाचा ऑगस्ट २०२३ चा निकाल. तिथे डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षणाची पदविका) लागतं. सहावी ते आठवीला टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) दुसरा पेपर: १५० गुण, खुल्या प्रवर्गाला ९० हवेत. त्यावर अभियोग्यता चाचणी: २०० प्रश्न, दोन तास. नववी-दहावीला टीईटी नाही, पण अभियोग्यता आहेच. ती २०१७, २०२३ आणि २०२५ अशी झाली. पुढची कधी, हा प्रश्न सकाळी उठल्यावर विचारायचा नाही, दिवस खराब जातो.

पोर्टलवरून लागलात तर पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक. मानधन २०२३ पासून उच्च प्राथमिकपर्यंत १६ हजार, माध्यमिकला १८ हजार. तुमचा हप्ता २९. गणित तुमचंच आहे.

खाजगी सीबीएसई शाळा हा दुसरा रस्ता. तिथे पोर्टल नाही, थेट मुलाखत. गणिताच्या माणसाला ते नाही म्हणत नाहीत. पगार शाळेप्रमाणे, आणि हातात किती पडणार ते लेखी घ्या.

मिहानवासी

५५ टक्क्यांचं माहीतच नव्हतं. आताच कपाट उघडून बघितलं, ६१ आहेत. जीव भांड्यात पडला. धन्यवाद.

अंशतः अनुदानित

विनाअनुदानित शाळेत नऊ वर्षं काढली. मग २० टक्के अनुदान आलं तेव्हा शिक्षकखोलीत पेढे वाटले. २० टक्क्यांचे पेढे. आयुष्याला अर्थ मिळावा म्हणून आलो होतो, अर्थ सोडून सगळं मिळालं.

रुजू होताना संस्थेला काय "द्यावं" लागलं ते लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे. नागपुरात २०२५ मध्ये बोगस शालार्थ आयडीचं (ज्यावर शिक्षकाचा सरकारी पगार निघतो तो क्रमांक) प्रकरण गाजलं तेव्हा लोकांना धक्का बसला. आम्हाला एवढंच वाटलं की चला, पेपरात तरी आलं.

शिकवणं आवडतं का? हो. अजूनही. म्हणून तर राग येतो.

क्लासवाली

मी फिजिक्स शिकवते, नीट आणि जेईईच्या बॅचेसना. गोंदिया, चंद्रपूर, यवतमाळची मुलं इथे खोली घेऊन राहतात. शिकवणं म्हणजे निव्वळ शिकवणं हवं असेल तर ते क्लासमध्येच आहे. ना खिचडी, ना जनगणना, ना पोर्टल. पगारही तुमच्या आताच्या पगाराशी गप्पा मारेल. क्लासवाल्यांना "दुकानदार" म्हणायची फॅशन आहे, तिचा मला कंटाळा आलाय. माझी तयारी शाळेतल्या बहुतेकांपेक्षा जास्त असते.

हे झालं माझ्या बाजूचं. आता तुमच्या किश्शाबद्दल खरं सांगायचं तर, तो प्रश्न माझ्या बॅचमध्ये आला नसता. एकशे वीस मुलं, माझ्या गळ्यात माईक. त्या मुलीला बोलायचं असतं तर आधी हात वर करावा लागला असता, मग कुणीतरी माईक पोचवला असता, तोवर मी पुढच्या स्लाईडवर. आणि बारा फोडीवाल्याशी तिचं भांडण झालंच नसतं, कारण दोघं वेगळ्या बॅचला बसले असते. आम्ही चाचणीच्या गुणांवर बॅच पाडतो.

तर्रीपोहे

म्याडम, पहिल्यांदा क्लासवाल्याच्या तोंडून खरं ऐकून राह्यलो. सलाम.

तालुक्याची बाई

धागा दोन दिवसांपूर्वीच वाचला होता. आज रविवार, तांदळाचा हिशोब संपला, म्हणून लिहायला बसले.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सतरा वर्षांपासून आहे. नागपूर जिल्हाच, पण शहरातून बस, मग पुढे ऑटो. शाळा द्विशिक्षकी. पहिली ते चौथी, पट २३. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी सरांकडे, आणि सर मीटिंगला गेले की चारही माझ्याकडे. एका फळ्याचे खडूने चार भाग करते. शहरातल्या लोकांना याचं वाईट वाटतं. वाईट वाटून घेऊ नका, दुसरीतलं पोर कान लावून चौथीचं शिकतं, त्याचा फायदाच होतो.

दिवस कसा जातो ते सांगते, कारण तुमच्या बाबांचा प्रश्न बरोबर आहे. सकाळी पोषण आहार. खिचडी मुलांआधी मी चाखायची आणि चव नोंदवहीत सही करायची. सतरा वर्षांत "चव चांगली" एवढंच लिहिलंय. एकदा "मीठ कमी" लिहिलं तर त्याचा खुलासा मागवला. मग ऑनलाइन माहिती. रेंज शाळेत नाही, शाळेमागच्या बोरीखाली आहे. तिथे उभं राहून माहिती भरायची, तेवढ्यात वर्गात कुणीतरी कुणाच्या डोक्यात पाटी घातलेली असते. मतदारयाद्या आल्या की त्या. आणि आता टीईटी. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०२५ च्या निकालाने, ज्यांची सेवा पाच वर्षांहून जास्त उरलीय त्या आम्हा जुन्यांनाही दोन वर्षांत ती पास होणं आलं. नोव्हेंबरात दिली. माझ्या पुढच्या बाकावर माझीच जुनी विद्यार्थिनी बसली होती. वळून म्हणाली, "बाई, पेन देऊ का?" कसा गेला ते विचारू नका.

आता तुम्ही विचारलं ते. असतं का?

आमच्याकडे दिवाळीनंतर कापूस वेचणी. पट २३, वर्गात चौदा. मोठी पोरं शेतात, त्यांच्याहून लहान पोरं त्यांच्याहूनही लहान भावंडं सांभाळायला घरी. संक्रांतीच्या सुमारास परततात तेव्हा हातच्याची बेरीज विसरलेली असतात. दर वर्षी. मी ऑगस्टात शिकवते, जानेवारीत पुन्हा शिकवते. सतरा वर्षं म्हणजे चौतीस वेळा झालं. तुम्हाला हे जमेल का, हे स्वतःला विचारा. संत्र्यासारखे नवीन बेत सुचणं चांगलंच, पण चौतिसाव्या वेळीही हातचा असा शिकवायचा की समोरच्याला तो पहिल्यांदाच भेटतोय.

एक पोरगा होता चौथीत. आईबरोबर वेचणीला जायचा. मजुरी किलोवर असते. तिन्ही खेपांचा कापूस मोजून मालकाचा माणूस वहीत लिहायचा आणि संध्याकाळी बेरीज सांगायचा. ह्याने आपल्या शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर तेच लिहायला सुरुवात केली. जानेवारीत शाळेत आला तो वही घेऊनच. एका दिवसाचं पान उघडून माझ्यासमोर धरलं: ३८, २७, १९. खाली त्याने लिहिलेलं ८४ आणि बाजूला कंस करून "त्यायचे ७४". मी म्हटलं, काय झालं? तर म्हणतो, "बाई, आठ, सात, नऊ चोवीस. हातचे दोन. त्यायनं एकच धरला."

दहा किलोचा फरक. तेव्हाच्या दराने शंभर रुपये.

मी त्याच्या आईला विचारलं. ती मागायला गेली नव्हती. शंभर रुपयांसाठी उद्याचं काम जायचं. मलाही पुढे काय करावं सुचलं नाही, आणि मी काही केलंही नाही, हे लिहायला हवं. पोरगा आता दहावीत आहे, दुसऱ्या गावच्या शाळेत जातो. मागच्या दिवाळीत बसथांब्यावर भेटला. म्हटलं, वही लिहितोस का रे? म्हणाला, "आता मोबाईलवर लिहितो."

याला अर्थ म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी त्या शब्दावर फार थांबत नाही. एवढंच की बदलीच्या वेळी शहराजवळची शाळा मिळत होती, मी ती पसंतीक्रमात खाली टाकली.

पवित्रग्रस्त

बाई, "त्यायचे ७४" वाचून थांबलो. पुढे काही लिहिण्यासारखं उरलं नाही.

मुळाकाठ

माझी वर्तुळं मागे घेतो.

निवृत्त मुख्याध्यापिका, महाल

माझं वय ७१. नातवाने टंकून दिलं आहे, शुद्धलेखन त्याचं.

या धाग्यात अजून "सेवा" हा शब्द आला नाही याचा आनंद झाला. लवकरच कुणीतरी आणील, म्हणून आधीच सांगते. शिक्षक दिनाला आमच्या गळ्यात हार घालून "आपण सेवा करता, व्रत घेतलंय" म्हणणारे लोक पगार थकला की गायब होतात. व्रत घेतलेल्या माणसाने पगार मागायचा नसतो, असा त्या शब्दाचा उपयोग आहे. सावित्रीबाईंचं नाव घेऊन शिक्षकाला गप्प बसवणारे बघितले की मला त्यांना सांगावंसं वाटतं, त्या बाईने १८४८ मध्ये पुण्यात शाळेत पाऊल टाकलं ते गप्प बसण्यासाठी नव्हे. शिक्षकी हे काम आहे. सुताराचं असतं तसं. रंधा नीट चालला की सुतारालाही आनंद होतो, तो त्याला व्रत म्हणत नाही.

दुसरं. आपल्यापासून पाऊणशे किलोमीटरवर वर्ध्याला ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींनी शिक्षण परिषद घेतली होती, झाकीर हुसेन यांची समिती त्यातूनच नेमली गेली. नई तालीम तिथली. आम्ही अध्यापक विद्यालयात ते परीक्षेपुरतं पाठ केलं: "हस्तउद्योगाद्वारे शिक्षण", पाच गुण. नोकरीला लागल्यावर बऱ्याच वर्षांनी कळलं की टकळीवर किती तार निघाली हे पोराने स्वतः मोजायचं, त्या मोजण्यात गणित असायचं. वरच्या बाईंच्या पोराची कापसाची वही वाचली आणि ते पाच गुण आठवले. हीच की ती! कापूसही तोच.

तिसरं, चिरंजीव मिहानवासी यांना. तुमचे वडील विरोध करत आहेत असं तुम्ही लिहिलंय. मला तसं वाटत नाही. त्यांनी प्रश्न विचारलाय. चौतीस वर्षं काढलेला माणूस पोराला मास्तरकीतून वाचवायला बघेल हेही खरं. पण त्यांना एकदा वर्गात घेऊन जा. मागे बसवा. काही बोलू नका.

डबापार्टी

सगळं छान, पण नोकरी सोडायचीच कशाला? हिस्लॉप कॉलेजचे विजय बारसे सर क्रीडाशिक्षकच होते ना. पावसात फुटकी बादली लाथाडणारी वस्तीतली मुलं त्यांना दिसली, आणि २००१ पासून झोपडपट्टी फुटबॉल उभा राहिला. कॉलेजची नोकरी होती म्हणूनच ते करता आलं. धागाकर्त्याकडे पगार आहे, विहार आहे, मुलं आहेत. चालू द्या तसंच. दोन वर्षं बी.एड., तीन वर्षं १८ हजार, त्यात मुलगी सहावीत जाईल.

अंशतः अनुदानित

+१. माझ्यासारखा व्हायला घाई नको.

क्लासवाली

डबापार्टीशी असहमत. संध्याकाळचा वर्ग म्हणजे गोड गोड भाग. मूल स्वतःहून आलेलं असतं. न येणाऱ्यांचं काय? शाळेत तीच निम्मी असतात.

तर्रीपोहे

डबापार्टी, तुमचं पटते. पण एक पाहा. मिहानभाऊनं पयल्या पोस्टीत काय लिवलं? साहेब भला, पगार चांगला, छळ नाही. आन् तरी तीन वेळा बायकोले संत्र्याचंच सांगून राह्यला. ज्याले जायचं आहे थो जाते. आपण फक्त हिशोब दाखवाचा.

(चुलतभावाले हा धागा दाखवला. म्हणते, "२०२५ ची पण देल्ली मी, तुले सांगतलं नव्हतं." पानठेल्यावर बसून अभ्यास केला म्हणे. मले काहीच माहीत नव्हतं राजेहो.)

मिहानवासी

सगळ्यांचे आभार. दीड महिन्याने लिहितोय, कारण मधे सांगण्यासारखं काही नव्हतं.

आधी हिशोब. पवित्रग्रस्त यांचे आकडे बायकोसमोर ठेवले. तिने बँकेतल्यासारखा तक्ताच केला. ठरलं ते असं: यंदा नोकरी सोडायची नाही. वर्षभरात गृहकर्जाचं जेवढं मुद्दल खाली आणता येईल तेवढं आणायचं, गाडी विकायची (मेट्रो आहे), आणि बी.एड. पुढच्या वर्षी, नियमित, हजेरी लावून. सीईटीचा फॉर्म मात्र यंदाच भरला, सराव म्हणून. बी.एड. झाल्यावर खाजगी शाळेत लागायचं आणि पोर्टलची वाट तिथून बघायची. तीन वर्षं १८ हजारांत काढायची वेळ आली तर तेव्हाचं तेव्हा. तिची एकच अट होती: वर्षभर विहाराचा एकही वर्ग बुडवायचा नाही, रिलीज असली तरी. बुडला तर तक्ता फाडायचा. आतापर्यंत एक बुडालाय. ती म्हणाली, एक माफ.

मधे वर्ग वाईट चालले. क्लासवाली म्हणतात ते बरोबर निघालं. परीक्षा जवळ आल्या तशी बाहेरची आणखी सात-आठ मुलं आयांनी आणून बसवली. ती स्वतःहून आलेली नाहीत. त्यातला एक आठवीतला मुलगा पूर्ण वेळ खिडकीबाहेर बघतो. मी भागाकार देतो, तो पाटीवर ट्रक काढतो. चांगला काढतो, चाकाचे नटसुद्धा. दोन आठवडे मी त्याच्यावर चिडलो, एकदा ओरडलो. तो पुढचे दोन वर्ग आलाच नाही. तिसऱ्या वेळी त्याच्या घरी गेलो तर वडील ट्रकवर क्लीनर आहेत हे कळलं. आला परत. भागाकार अजून येत नाही. मी नटांवरून विचारायला लागलोय: एका चाकाला आठ, गाडीला दहा चाकं. गुणाकार जमतो. भागाकाराला अजून तयार नाही.

आता बाबा. मुख्याध्यापिकाबाईंनी सांगितलं तसं केलं. एका शुक्रवारी म्हटलं, चला. आश्चर्य म्हणजे लगेच चप्पल घातली. मागे सतरंजीवर भिंतीला टेकून बसले. दीड तास एक शब्द नाही. मधे एकदा पाहिलं तर ट्रकवाल्याच्या पाटीत डोकं घालून बसले होते. मी दशांश अपूर्णांकांची वजाबाकी घेत होतो, माझ्या मते बरी चालली होती.

घरी येताना स्कूटरवर मागे बसले. अजनीचा पूल ओलांडेपर्यंत गप्प. मग म्हणाले, "तुला मुलं आवडतात असं नाही. मुलांना समजलेलं बघायला आवडतं."

मी म्हटलं, मग?

"मग काही नाही. तसा दिवस महिन्यातून एकदा येतो. बाकीचे एकोणतीस दिवस मुलांचे असतात." थोड्या वेळाने पुन्हा, "आणि तू फळ्याकडे तोंड करून बोलतोस. मागे काहीच ऐकू येत नाही."

घरी आल्यावर आईला म्हणाले की सोमवारी पण जाईन, त्या पोराची पाटी फुटलीय, नवीन घ्यायचीय.

तालुक्याची बाई

पाटी इतवारीत घ्या, स्वस्त पडते. लाकडी चौकटीची घ्या, पत्र्याची कड हाताला लागते.

निवृत्त मुख्याध्यापिका, महाल

फळ्याचं सांगते. लिहिताना बोलायचं नाही. फळ्याला खांदा देऊन तिरकं उभं राहायचं, एक ओळ लिहायची, बाजूला सरकायचं, मुलांकडे वळायचं, शेवटच्या रांगेतल्या पोराकडे बघायचं आणि मग तोंड उघडायचं. पहिले पंधरा दिवस वेळ पुरत नाही असं वाटेल. उत्तरं निम्मी सोडवून झाली तरी चालतील. वडिलांना नमस्कार सांगा.

तर्रीपोहे

दहा चाकं, आठ नट. स्टेपनी धरली का नाही, थे पोट्ट्याले विचार.